उजव्या कोपऱ्याचे तीन जोड

वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट फळीवर जसं ठेवलं होतं तसंच होतं. वरचं प्लास्टिकही फाटलेलं नव्हतं.

वहिनींनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात एवढंच आलं की बरं झालं, नवं पाकीट आहे, आज दहावा कठडा सुरू करायला रॉड आणायला नकोत. मग त्या पाकीट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हे पाकीट आणलं होतं बारा दिवसांपूर्वी. काम चालू असताना रॉड संपले म्हणून मिस्त्री, म्हणजे वहिनींचे यजमान, मध्येच उठून गेले होते. रॉड धरायच्या होल्डरमध्ये जळकं थोटूक तसंच अडकवलेलं होतं. जाताना म्हणाले होते, "येतोच."

काम पुरं झालं असतं, तर माणूस मध्येच कशाला उठेल? आणि उरलेलं काम मागाहून झालं असेल, तर पाकीट न फोडता कशानं झालं?

वहिनी पत्र्याच्या स्टुलावर बसल्या.

शेडमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं. मिस्त्री सकाळीच इमारतीवर गेले होते, अकराव्या गॅलरीचं माप घ्यायला. रस्त्याच्या पलीकडची ती तीन मजली जुनी इमारत, रस्त्याच्या बाजूनं चौदा गॅलऱ्या. जुने ओतीव कठडे गंजून भुगा झाले होते. कमिटीनं ठरवलं की नवे बसवायचे, पण दिसायला हुबेहूब जुन्यासारखे, वेलीची नक्षी आणि मध्ये फूल. असं काम आता कोण करतं? सगळे स्टीलचे चकचकीत पाइप लावून मोकळे होतात. मिस्त्रींनी काम घेतलं तेव्हा गल्लीतल्या न्हाव्यानं विचारलं होतं, "मिस्त्री, फुलं मोजून देणार की वजनावर?" मिस्त्री म्हणाले होते, "वासावर."

नऊ कठडे बसवून झाले होते. पहिले पाच आधीच्या महिन्यात. मग चार एकदम केले, सहा ते नऊ. शेवटच्या चारांचं वेल्डिंग एकाच दिवशी उरकत आलं होतं, तोच हा पाकिटाचा दिवस. म्हणजे त्या चारांतला एक अर्धवट राहिलेला.

कोणता, ते कोण सांगणार?

*

ही वेळ का आली, हे समजायचं तर खडूचं सांगायला हवं.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा शेडमध्ये बाईनं पाऊल टाकायचं नाही, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. ठिणग्या उडतात, शिव्याही उडतात. सासरे गेले, हाताखालचे दोघे दुसरीकडे गेले, आणि एक दिवस मिस्त्रींनी हाक मारली, "अगं, जरा धर इकडे." ते धरणं एकवीस वर्षं चाललं होतं. ते वेल्डिंग करत, वहिनी ग्राइंडरनं जोड घासत, फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरत, रॉकेलच्या फडक्यानं पुसून लाल प्रायमर मारत. जाळीचं फूल त्या मिस्त्रींपेक्षा चांगलं वळवत. हे मिस्त्री स्वतः सांगत, पण फक्त त्यांना, आणि तेही जेवताना.

चार वर्षांपूर्वी मिस्त्री टेपवरचे आकडे विचारू लागले. "बघ गं, बावन्न की ब्याण्णव?" डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू असता तर काढला असता, ही डोळ्यामागची शीर आहे, जेवढं आहे तेवढं सांभाळा आणि हे काम बंद करा. दवाखान्याच्या पायरीवर मिस्त्री बसले. मग म्हणाले, "बंद करून काय करू? लोकांच्या गॅलऱ्यांकडे बघत बसू?" आणि स्वतःच हसले, कारण बघणंच तर राहिलं नव्हतं.

तेव्हा वहिनी बोलल्या होत्या. "मी आहे ना. मी तुमचे डोळे." हे वाक्य त्यांचं होतं. दुसऱ्या कोणी त्यांच्या तोंडी घातलेलं नव्हतं.

मग खडू आला. काळ्या लोखंडावर पांढरं मिस्त्रींना दिसायचं, नाक टेकवावं लागलं तरी दिसायचं. कठड्याचे तुकडे आधी बारीक टाक्यांनी जागच्या जागी धरून ठेवायचे. हे टाके तांदळाएवढे, नुसते आकार धरण्यापुरते. मग ज्या ज्या जोडावर पक्कं वेल्डिंग करायचं, तिथे वहिनी खडूची फुली मारत. मिस्त्री पांढरं शोधत जात, जोड भरत, आणि अंगठ्यानं फुली पुसत. सगळं पांढरं गेलं की कठडा पुरा. डावा कोपरा आधी, मग मधली वेल, उजवा कोपरा सगळ्यात शेवटी. वर, मध्ये, खाली, असे तीन जोड. चार वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती आणि बाहेर कोणाला काही कळलं नव्हतं. मापाला मिस्त्री टेप मिरवत नेत आणि खिशातल्या दोरीला गाठी मारून आणत. वहिनी घरी ती दोरी टेपला लावून आकडे लिहीत.

बारा दिवसांपूर्वी मिस्त्री रॉड आणायला गेले आणि लेकीचा फोन आला. लेक परगावी दिली होती. ती रडत होती. "आई, मी घरी येऊन राहू का? कायमची?" वहिनींना ये म्हणवेना, कारण घरात एक खोली, आणि नको म्हणवेना, कारण ती पोटची. फोन कान आणि खांदा यांच्यात धरून त्या "हं... हं... मग तो काय म्हणाला?" म्हणत राहिल्या, आणि हात रिकामे राहायची सवय नसल्यानं हातांनी रॉकेलचं फडकं उचललं. चारही कठडे पुसले. फटीत लांबी भरली. प्रायमरचा डबा उघडला.

मिस्त्री उशिरा परतले. जवळचं दुकान बंद, लांब जावं लागलं होतं. चारही कठडे लाल. पांढरं कुठेच नाही.

"राहिलं होतं का गं काही?"

"नाही, झालं सगळं," वहिनी म्हणाल्या. त्या रंगाबद्दल बोलत होत्या. आणि अजून फोनवर होत्या.

चूक एवढीच होती. आणि तिच्यावर आता कोणीतरी वाकून उभं राहत होतं.

त्या इमारतीच्या गॅलरीची फरशी इतकी जुनी की कडेला भोक पाडलं तर तुकडाच निघेल. म्हणून कठड्याच्या दोन्ही बाजू भिंतीत गाडल्या होत्या आणि समोरची अख्खी जाळी त्या दोन कोपऱ्यांवर तोललेली होती. एका कोपऱ्यात पक्के जोड. दुसऱ्यात तांदळाएवढे टाके, वर लांबी, वर प्रायमर, वर हिरव्या तेलरंगाचे दोन हात.

दिसायला मात्र एक नंबर.

*

वहिनींनी कपाटातून बारा नंबरचा पाना घेतला आणि रस्ता ओलांडला. भरलेला जोड वाजवला की ठण्ण करून घुमतो, आणि नुसता टाका असला की खर्र करून दाताखाली खडा आल्यासारखा बोलतो. मिस्त्री प्रत्येक कठडा बसवल्यावर वाजवून बघत. या वेळी बसवताना कमिटीचा सेक्रेटरी डोक्यावर उभा होता, "लोक झोपलेत दुपारचे, ठोकाठोक पुरे" म्हणून.

मिस्त्रींना आधी सांगावं का? हे त्यांच्या मनात जिन्याच्या पहिल्या पायरीवर आलं आणि दुसऱ्या पायरीवर त्यांनी ते दाबून टाकलं. सांगितलं की ते थेट सेक्रेटरीकडे जाणार. सेक्रेटरी विचारणार, अहो मिस्त्री, जोड राहिला तो दिसला कसा नाही? त्यावर मिस्त्री काय बोलणार? आधी सापडू दे. गुपचूप सापडला, तर गुपचूप भरता येईल.

दुसऱ्या मजल्यावरच्या पहिल्या दारात शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. तोंडात टाचण्या.

"रंगाचा हात बघायला आले," वहिनी म्हणाल्या.

"बघा की. सुंदर झालाय हो. फक्त तुमच्या त्या फुलात माझ्या ब्लाउजचे हुक अडकतात. फूल जरा कमी फुलवायचं होतं."

वहिनी हसल्या असाव्यात. गॅलरीत जाऊन त्यांनी उजव्या कोपऱ्यावर पाना मारला. ठण्ण. मध्ये, ठण्ण. खाली, ठण्ण.

"रंग असा ठोकून बघतात होय?" आतून आवाज आला.

"हं. पोकळ आहे का बघायचं असतं."

शेजारच्या दारात तरुण जोडपं राहत होतं. नवरा कामावर, बायको दाराच्या फटीतून बोलत होती, कारण फट मोठी केली तर तिचं दीड वर्षाचं मूल निसटत होतं. ते निसटलंच. वहिनींच्या आधी ते दुडदुडत गॅलरीत पोचलं, दोन्ही मुठींनी जाळी धरली आणि गदागदा हलवू लागलं.

"याचा हाच खेळ," आई कौतुकानं म्हणाली. "तुम्ही बसवल्यापासून. म्हटलं, हलव बाबा, मिस्त्रीकाकांनी तुझ्यासाठीच केलंय."

वहिनींनी मुलाला उचललं. इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. ते रडत असताना त्यांनी एका हातानं पाना मारला, आणि रडण्यामुळे आवाजच कळेना. दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा. मग कान लोखंडाला लावून मारला. ठण्ण. तिन्ही ठण्ण.

त्यांनी मूल आईकडे दिलं. मग चौकटीला टेकून पदरानं तोंड पुसलं.

"वहिनी, बरं नाही का? पाणी देऊ?"

"नको. जिना चढून आले ना."

दोन मजले. रोज शेडमध्ये वीस किलोच्या पट्ट्या उचलणारी बाई.

तिसऱ्या मजल्यावर पहिल्या दाराला कुलूप होतं, पण किल्ली समोरच्यांकडे होती आणि समोरच्या म्हाताऱ्या बहिणींनी दोघींनी मिळून ती शोधून दिली. "हिनं ठेवली कुठे ते हिलाच माहीत." "आणि हिला माहीत आहे की मला माहीत नाही." त्या शोधाला पंधरा मिनिटं गेली. ती पंधरा मिनिटं वहिनी जिन्याच्या खिडकीतून खाली बघत होत्या, आपण कशाची वाट बघतोय हे स्वतःला न विचारता. कुलूप उघडलं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

म्हणजे नववा. अर्जवाले काका.

*

अर्जवाले काका एकटे राहत आणि अर्ज करत. पाण्याच्या टाकीवर अर्ज, जिन्यातल्या दिव्यावर अर्ज, कबुतरांवर अर्ज. नव्या कठड्यालाही त्यांनी लेखी विरोध केला होता आणि तो बसवताना दोन दिवस आतल्या खोलीत दार लावून बसले होते. कमिटीच्या माणसाला दार उघडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. नियम फळ्यावर लिहून दाराबाहेर टांगलेला होता.

वहिनींनी कडी वाजवली.

"कोण?"

"मी काका. मिस्त्रींच्या घरून. रंग बघायला."

"रंग हिरवा आहे. बघून झालं. या आता."

"काका, एक मिनिट गॅलरीत—"

"कमिटीनं पाठवलंय. सांगा त्यांना, माझा अर्ज क्रमांक सत्तावीस अजून प्रलंबित आहे."

पावलं आत गेली. मग गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. वहिनी जिन्याच्या खिडकीकडे धावल्या. तिथून त्यांची गॅलरी तिरपी दिसत होती. काका हातात झारी घेऊन बाहेर आले होते. कुंड्या उजव्या कोपऱ्यात. सगळ्या कुंड्या उजव्याच कोपऱ्यात, कारण ऊन तिथे. त्यांनी पाणी घातलं, झारी खाली ठेवली, आणि खाली रस्त्यात कोणीतरी फाटकासमोर स्कूटर लावत होतं त्याला बघून कठड्यावर दोन्ही कोपरं टेकली.

"ए! ए स्कूटर! वाचता येतं का?"

आणि ओरडताना माणूस जसा वाकतो, तसे वाकले.

"काका, मागे व्हा!" वहिनी खिडकीतून किंचाळल्या. "टेकू नका! मागे व्हा!"

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या गॅलरीत मी कुठे टेकायचं हेही आता कमिटी ठरवणार?" ते म्हणाले, आणि मुद्दाम आणखी रेलले.

वहिनींना ते दिसलं की भासलं, त्यांना नंतरही सांगता आलं नाही. हिरव्या रंगावर, कोपऱ्यात, केसाएवढी रेघ.

त्या दाराकडे धावत आल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या. रंग बघायला, पाणी पाहिजे, कमिटीनं नाही पाठवलं, काही उपयोग नव्हता. सांगण्यासारखं एकच उरलं होतं.

"काका, तो कोपरा कच्चा आहे! वेल्डिंग राहिलंय! माझ्या हातून राहिलंय, मी वरून रंग मारला! कमिटीला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. ऐकताय का? तुम्ही खाली जाल काका, कठड्यासकट जाल! मिस्त्रींना दिसत नाही, चार वर्षं झाली, त्यांना मी खुणा करून देते, आणि त्या खुणा मीच पुसल्या!"

जुन्या इमारतीचा जिना. वरचा शब्द तळमजल्यावर जसाच्या तसा उतरतो. दारं उघडल्याचे आवाज आले. शिवणकामवाल्या बाई तोंडातल्या टाचण्यांसकट जिन्याच्या कठड्याशी आल्या. म्हाताऱ्या बहिणी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या. खालून सेक्रेटरीचा आवाज, "काय चाललंय? कोण कुठे पडलं?"

आणि त्याच्या आधी, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीला तळहात लावून उभे असलेले मिस्त्री. अकराव्या गॅलरीत गेलेले, हातात गाठी मारलेली दोरी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

वहिनींनी डोळे मिटून घेतले. आता हे काहीतरी बोलतील. माझ्या अब्रूचं काय केलंस, म्हणतील. किंवा काहीच बोलणार नाहीत, आणि ते जास्त वाईट.

मिस्त्री पायऱ्या मोजत वर आले. दाराशी थांबले.

"काका," ते शांतपणे म्हणाले, "ती खरं बोलते. मला दिसत नाही. आत या आणि दार उघडा."

आतून पावलं दारापर्यंत आली. मग कडी निघाली. काकांच्या हातात झारी होती आणि तोंडाचा रंग गेला होता.

मिस्त्रींनी पाना मागितला. गॅलरीत ते बसूनच सरकत गेले, जाळीला धक्का न लावता, आणि कोपऱ्यावर हलकेच टिचकी मारल्यासारखा पाना टेकवला.

खर्र.

पुन्हा मारायची गरज नव्हती. "तार आण," ते म्हणाले. वहिनींनी आणलेल्या तारेनं दोघांनी कोपरा भिंतीच्या कडीला आवळून बांधला. सेक्रेटरी दारात येऊन उभा होता.

"मिस्त्री, हे काय ऐकतोय मी? चार वर्षं? आमच्या लहान मुलाबाळांच्या घरात?"

"हो."

"नुसतं हो?"

"आणखी काय म्हणू? त्या दिवशी मी एकदा विचारलं, काही राहिलंय का. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." मिस्त्रींनी हातातली तार पिळली. "नाही विचारलं. आपल्याला दिसत नाही, हे दिवसातून कितीदा बोलून दाखवायचं, म्हणून नाही विचारलं. तिचं काही नाही यात."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. मिस्त्रींनी हातानंच थांबवलं.

"पुढचं काम बंद," सेक्रेटरी म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणताना तो कुंड्यांकडे बघत होता. "उरलेले पाच दुसऱ्याकडून करून घेऊ. आणि हाही कोपरा. उद्या कोणालातरी आणतो."

"कोपरा आज भरला पाहिजे," मिस्त्री म्हणाले.

"कोण भरणार? तुम्ही?"

"ही भरेल."

"माझ्या गॅलरीत कोणी हात लावायचा ते मी ठरवतो," अर्जवाले काका अचानक म्हणाले. त्यांनी वहिनींसाठी कोपऱ्यातली पहिली कुंडी बाजूला ओढली. "तुम्हाला ते लेखी पाहिजे का?"

वहिनींनी आयुष्यात कधी होल्डर हातात धरला नव्हता, असं नाही. गंमत म्हणून, भंगारावर, चारपाच वेळा. दुपारी शेडमधलं छोटं मशीन वर आणलं, ते पाकीट फोडलं, तोंडासमोर काळी काच धरली, आणि काचेतून काहीच दिसेना तेव्हा त्यांना समजलं की मिस्त्री चार वर्षं कुठे उभे होते.

मिस्त्री मागे उकिडवे बसले होते, तोंड भिंतीकडे करून.

"आवाज ऐक. तेलात काहीतरी तळल्यासारखा यायला हवा. आत्ता फडफडतोय, लांब आहेस. जवळ जा. अडकला? अडकू दे. झटका दे, सोडव. परत. हं... आता तळतंय. हलू नको. तळू दे."

तीन जोड भरायला दीड तास लागला. जोड ओबडधोबड झाले, शेणाचे गोळे चिकटवल्यासारखे. मिस्त्रींनी निवल्यावर त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दिसायला कसेही असोत." मग पाना वाजवला. ठण्ण. काकांनी आत जाऊन कागद काढला, लेखणी काढली, आणि काय लिहावं ते न सुचून तशीच ठेवली.

खाली उतरताना सगळी दारं बंद होती. म्हणजे मागे लोक होते, पण दारं बंद होती. फक्त दुसऱ्या मजल्यावर ते मूल फटीतून बघत होतं, आणि त्याची आई त्याला मागे ओढत होती, गॅलरीपासूनही आणि दारापासूनही.

रस्ता ओलांडताना मिस्त्रींनी वहिनींचा दंड धरला. भर उजेडात, गल्लीसमोर, चार वर्षांत पहिल्यांदा. न्हावी दुकानाच्या दारात उभा होता. तो वळून आत गेला.

शेडमध्ये दहाव्या कठड्याचे तुकडे टेबलावर मांडलेले होते. तो आता कोणीच घेणार नव्हतं. त्या गॅलरीच्या मापाचा कठडा जगात दुसऱ्या कुठल्या गॅलरीला बसणार नव्हता, कारण जुन्या इमारतीत दोन गॅलऱ्या सारख्या नसतात. जोड यायचे तिथे वहिनींनी काल संध्याकाळी फुल्या मारून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी टेबलावर वाकून, नाक जवळजवळ लोखंडाला लावून पाहिलं.

"किती आहेत?"

"सतरा."

ते तसेच वाकून राहिले. त्यांच्या श्वासानं लोखंडावर वाफ धरत होती आणि जात होती.

"पूस," ते म्हणाले.

वहिनींनी खुंटीवरचं फडकं घेतलं. रॉकेलच्या डब्यात बुडवलं, पिळलं. टेबलाजवळ आल्या. पहिली फुली डाव्या कोपऱ्यात होती, वरची. त्यांनी फडकं तिच्यापर्यंत नेलं आणि हात तिथेच राहिला.

"पुसलंस?"

"नाही."

"अगं, पूस म्हटलं ना."

"आज माझ्याच्यानं काही पुसवणार नाही," वहिनी म्हणाल्या, आणि ओलं फडकं परत खुंटीला लावलं. ते जमिनीवर थेंब थेंब गळत राहिलं.